एक नाव, दोन माश्या

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टेक्सासच्या कुरणांवर फिरणाऱ्या गुराख्याच्या खोगिराला दोराचे वेटोळे जसे असे, तशीच औषधाची एक बाटलीही असे. उन्हाळ्यात त्याचा निम्मा दिवस या बाटलीच्या कामात जाई. कळपापासून दूर, मान खाली घालून उभे असलेले वासरू दिसले की फास टाकायचा, त्याला आडवे पाडायचे आणि नाळेजवळची कुजकट वासाची जखम उघडून पाहायची. आत शेकडो अळ्या डोके खाली आणि शेपूट वर करून दाटीवाटीने मांस खात असत. त्यांवर बेंझॉल ओतायचे, भोवती पाइनच्या लाकडाचे डांबर फासायचे आणि पुढच्या जनावराकडे वळायचे. ज्या वासराकडे लक्ष गेले नाही, ते सहसा आठ-दहा दिवसांत मरे.

या अळीला तिकडे ‘स्क्रूवर्म’ म्हणतात. तिच्या अंगावर काट्यांची कडी असतात. मळसूत्राच्या आट्यांसारखी ती दिसतात आणि मळसूत्रासारखीच ती मांसात खोल शिरते. डाग देणे, शिंगे कापणे, खच्चीकरण करणे, काटेरी तारेचा ओरखडा, एवढेच काय पण गोचिडीने केलेले बारीकसे छिद्र, तिला कोणतीही वाट पुरते. अमेरिकेच्या पशुपालकांचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा शत्रू. या शत्रूविरुद्ध सरकारने आणि शेतकऱ्यांनी कित्येक दशके नेटाने लढा दिला. अडचण एवढीच होती, की तो लढा बऱ्याच अंशी भलत्याच माशीशी चालला होता.

गोष्ट सुरू होते १७७५ साली. लिनियसचा शिष्य असलेला डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिसियस याने निळसर हिरव्या, धातूसारख्या चमकणाऱ्या एका अमेरिकन माशीचे वर्णन केले आणि तिला ‘मॅसेलारिया’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘मॅसेलम’ म्हणजे मांसाचा बाजार. नाव चपखल होते, कारण ही माशी मेलेल्या मांसावर जगते.

त्यानंतर ८३ वर्षांनी, १८५८ साली, शार्ल कॉकेरेल हा फ्रेंच नौदलातील शल्यवैद्य दक्षिण अमेरिकेतील केयेन येथील कैद्यांच्या वसाहतीतून आलेली प्रकरणे तपासत होता. काळ्या पाण्याची शिक्षा भोगणाऱ्या या कैद्यांच्या नाकात माशीने अंडी घातली होती आणि अळ्यांनी जिवंत माणसाचा चेहरा आतून पोखरला होता. काही कैदी त्यातच मरण पावले. कॉकेरेलने त्या अळ्यांपासून झालेल्या माशीला स्वतंत्र जाती ठरवून नाव दिले ‘होमिनिव्होरॅक्स’, म्हणजे माणूस खाणारी.

कॉकेरेलचे म्हणणे बरोबर होते. परंतु पुढच्या पिढीतील वर्गीकरणकारांनी युरोपातील संग्रहालयांत टाचणीला टोचलेले नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले, त्यांना फरक दिसला नाही, आणि त्यांनी ‘होमिनिव्होरॅक्स’ हे नाव ‘मॅसेलारिया’चेच दुसरे नाव ठरवून टाकले. एका जातीचे नाव पुसले गेले. माशी मात्र जिथे होती तिथेच राहिली.

या पुसण्याचे परिणाम संग्रहालयापुरते राहिले असते तर त्यावर लिहिण्यासारखे फारसे नव्हते. पण कागदावर माशी एकच झाल्यावर तर्कही एकच उरला. कुरणात मेलेल्या जनावरावर निळसर हिरव्या माश्यांचे थवे बसतात, त्यात लाखो अळ्या होतात; जिवंत जनावराच्या जखमेतही तशाच अळ्या सापडतात; म्हणजे मेलेले जनावर हे रोगाचे आगर. अमेरिकेच्या कृषी खात्याने तसा उपदेश केला. मृत जनावरे जाळा, खोल पुरा, मांसाचे आमिष लावून सापळे मांडा. शेतकऱ्यांनी ते केले. सापळे भरभरून माश्या मिळाल्या, बादल्याच्या बादल्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात वासरांच्या नाळेत अळ्या पूर्वीइतक्याच पडल्या.

शेतकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या दोन माश्या खरोखरच जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोन्हींचा रंग निळा-हिरवा, दोन्हींचे डोळे तांबूस, दोन्हींच्या पाठीवर तीन काळसर पट्टे. मानवभक्षी माशी किंचित थोराड असते आणि तिच्या पाठीवरचा मधला पट्टा बाजूच्या दोहोंपेक्षा आखूड असतो. मॅसेलारियाच्या पोटाच्या शेवटच्या खंडावर दोन्ही बाजूंना रुपेरी झाक असलेले ठिपके असतात. दुसरीत ते नसतात. चेहऱ्याच्या कडेचे बारीक केस एकीत फिकट, एकीत काळे. हे सारे उडणाऱ्या माशीवर, घोड्यावर बसून, कोणी पाहावे अशी अपेक्षा नाही.

अळीतला फरक मात्र एकदा दाखवला की विसरता येत नाही. पूर्ण वाढलेल्या अळीच्या शेपटीकडून आत जाणाऱ्या दोन श्वासनलिका होमिनिव्होरॅक्समध्ये गडद काळ्या असतात आणि कातडीतून दोन रेघांसारख्या दिसतात. मॅसेलारियात त्या फिकट असल्याने जवळपास दिसतच नाहीत.

तथापि खरा भेद शरीरात नव्हता, वागणुकीत होता. होमिनिव्होरॅक्सची मादी मेलेल्या मांसावर अंडी घालत नाही. तिला जिवंत, उष्ण रक्ताच्या प्राण्याची जखम लागते. जखमेच्या कोरड्या काठावर ती दोनशे-तीनशे अंडी कौलांसारखी एकावर एक रचून चिकटवते. दिवसभरात अळ्या बाहेर येतात, पाच-सात दिवस जिवंत मांस खातात, मग जमिनीवर गळून मातीत कोष करतात. जखमेच्या वासाने आणखी माद्या येतात, जखम वाढत जाते. मॅसेलारियाही जखमेवर येते, पण मागाहून, जेव्हा तिथे मांस सडू लागलेले असते. म्हणून पुढे पहिलीला प्राथमिक आणि दुसरीला दुय्यम स्क्रूवर्म म्हणू लागले. घर फोडणारा एक आणि फुटलेल्या घरात शिरणारा दुसरा. पकडला मात्र वर्षानुवर्षे दुसराच जात होता.

हा घोळ सोडवला एमोरी कुशिंग या अमेरिकन कृषी खात्यातील कीटकशास्त्रज्ञाने. संशोधनासाठी तो इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत गेला. तिथे त्याला मार्गदर्शक लाभले वॉल्टर स्कॉट पॅटन. दोघांनी नरांचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, कारण एकसारख्या दिसणाऱ्या माश्यांत जातिभेद बहुधा तिथेच स्पष्ट उमटतो. जखमेतून आलेल्या माश्या आणि मढ्यावरून आलेल्या माश्या निःसंशय वेगळ्या निघाल्या. १९३३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात जिवंत मांस खाणाऱ्या माशीला ‘कॉक्लिओमाया अमेरिकाना’ असे नवे नाव दिलेले होते. पुढे लक्षात आले, की ही तर कॉकेरेलची १८५८ ची माशी. शास्त्राच्या नियमानुसार जुन्या नावाचा मान जुन्यालाच, म्हणून अमेरिकाना मागे पडले आणि केयेनच्या कैद्यांची आठवण वाहणारे होमिनिव्होरॅक्स हे नाव परत आले.

इथे पॅटन यांच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांची नजर घडली होती हिंदुस्थानात. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये असताना त्यांनी मद्रासला काम केले. क्रॅग यांच्यासह लिहिलेला त्यांचा वैद्यकीय कीटकशास्त्राचा जाडजूड ग्रंथ १९१३ साली मद्रासहूनच निघाला. १९२० साली त्यांनी ‘क्रायसोमाया बेझियाना’ या माशीवर निबंध लिहिला. महाराष्ट्रातील शेतकरी बैलाच्या खांद्याच्या किंवा खुराच्या जखमेत ‘किडे पडले’, ‘आसडी पडली’ असे म्हणतो, त्यामागे बहुतेकदा हीच माशी असते. तीही केवळ जिवंत मांसावर वाढते, आणि तिची मढ्यावर वाढणारी भावंडे तिच्यासारखीच निळसर हिरवी असतात. म्हणजे अमेरिकेत जो पेच सुटत नव्हता, तसाच पेच पॅटन यांनी हिंदुस्थानात आधी पाहिलेला होता. लिव्हरपूलच्या त्या टेबलावर कुशिंग योग्य माणसासमोर बसला होता.

१९३६ साली अमेरिकन कृषी खात्याने दोन्ही माश्यांची अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत टप्प्याटप्प्याने तुलना करणारी एक पुस्तिका काढली. दिसायला अत्यंत रुक्ष दस्तऐवज. पण या तुलनेने एक हिशेब पार उलटा केला. तोवर समजूत होती, की शत्रूची संख्या अगणित आहे. सापळ्यांत येणाऱ्या थव्यांनी तेच सिद्ध होत होते. आता कळले, की ते थवे मॅसेलारियाचे होते. होमिनिव्होरॅक्स ही विरळ माशी होती, चौरस मैलामागे फार तर काही शेकडा. एवढ्या थोड्या माश्या एवढा संहार करत होत्या.

टेक्सासमधील मेनार्ड या लहानशा गावातील प्रयोगशाळेत हा आकडा एका तरुणाच्या डोक्यात घोळत राहिला. एडवर्ड निपलिंग हा टेक्सासच्याच शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी त्याने स्वतःच्या हातांनी जनावरांच्या जखमांतील अळ्या काढल्या होत्या. त्याच प्रयोगशाळेत रेमंड बुशलँड आणि त्याचे सहकारी मेल्विन यांनी किसलेले मांस, रक्त, पाणी आणि किंचित फॉर्मालिन यांच्या मिश्रणावर या अळ्या जनावराविना वाढवून दाखवल्या होत्या. पिंजऱ्यातल्या माश्या न्याहाळताना निपलिंगला दिसले, की नर पुनःपुन्हा समागम करतो, मादी मात्र आयुष्यात एकदाच.

त्यावरून त्याला जी कल्पना सुचली ती सहकाऱ्यांना खुळचट वाटली. माश्या मारायच्या नाहीत, आणखी सोडायच्या. पण सोडायचे नर नपुंसक असले पाहिजेत. एकदाच जुगणाऱ्या मादीला असा नर मिळाला, की तिची सारी अंडी वांझ.

निपलिंगने पुढे या कल्पनेचे गणित मांडले, ते शाळकरी मुलालाही कळेल असे आहे. एखाद्या प्रदेशात दहा लाख माद्या आणि तितकेच नर आहेत असे धरा, आणि दर पिढीला वीस लाख वांझ नर सोडा. तीन नरांपैकी एकच प्रजननक्षम, म्हणून एक तृतीयांश माद्यांचीच अंडी फळतील आणि पुढल्या पिढीत मादी उरतील ३,३३,३३३. पुन्हा वीस लाख सोडले, की उरतील ४७,६१९. त्यानंतर १,१०७. चौथ्या खेपेला एकही नाही. कीटकनाशक जसजसे शत्रू घटतात तसतसे निरुपयोगी होत जाते, कारण शेवटचे चार कीटक शोधणार कुठे? इथे उलटे घडते. शेवटच्या मादीला शोधण्याचे काम तिच्या जातीचा नरच करतो. मात्र हे गणित व्यवहारात उतरण्यासाठी मूळ संख्या थोडी असावी लागते. शत्रू म्हणजे मॅसेलारियाचे थवे, अशीच समजूत राहिली असती तर हा विचार करण्याचे धाडसही कोणी केले नसते.

नर वांझ कसे करायचे हे मात्र ठाऊक नव्हते. रसायने वापरून पाहिली, जमले नाही. मग महायुद्ध आले. निपलिंग फ्लोरिडातील ऑरलँडोच्या प्रयोगशाळेत सैनिकांच्या अंगावरील उवांसाठी डीडीटीची चाचणी घेऊ लागला. १९५० साली हर्मन म्युलर यांचा किरणोत्साराने होणाऱ्या आनुवंशिक हानीवरील लेख एका सहकाऱ्याने त्याच्या हाती दिला. क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तने होतात हे म्युलर यांनी १९२७ सालीच दाखवले होते आणि त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले होते. निपलिंगने त्यांना पत्र लिहिले: या माशीवर हे चालेल का? उत्तर आले, चालेल.

बुशलँडकडे क्ष-किरण यंत्र नव्हते. सॅन अँटोनियोच्या लष्करी रुग्णालयाने आपले यंत्र वापरू दिले आणि सैनिकांसाठी आणलेल्या यंत्राखाली माशीचे कोष येऊ लागले. सुमारे साडेपाच दिवसांच्या कोषाला योग्य मात्रा दिली, की त्यातून निघणारी माशी उडते, खाते, जुगते, फक्त तिला संतती होत नाही. नर आणि मादी वेगळे करण्याचीही गरज पडली नाही. वांझ मादी कोणाच्या जखमेत काय घालणार?

फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या सॅनिबेल बेटावर पहिला प्रयोग झाला. संख्या झपाट्याने घटली, पण मुख्य भूमी जवळ असल्याने नव्या माश्या उडत येत राहिल्या. अधिक दूरचे बेट हवे होते. नेमके तेव्हाच डच अमलाखालील क्युरासाओ बेटावरील पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने बेटावरच्या शेळ्यांच्या हालांविषयी कळवले. व्हेनेझुएलापासून चाळीसेक मैलांवरचे, सुमारे १७० चौरस मैलांचे हे बेट. १९५४ च्या ऑगस्टपासून ऑरलँडोत वाढवलेल्या माश्या विमानाने नेऊन दर आठवड्याला चौरस मैलामागे ४०० वांझ नर सोडण्यात आले. जागोजागी बांधलेल्या शेळ्यांच्या जखमांवरची अंडी रोज गोळा करून ती फुटतात का हे पाहिले जाई. प्रथम काही पुंजके वांझ निघू लागले, मग बहुतेक, मग सगळेच. आणि एक दिवस अंडीच मिळेनाशी झाली. वर्ष संपण्यापूर्वी क्युरासाओ मुक्त झाले होते.

बातमी फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या पशुपालकांनी सरकारचा पिच्छा पुरवला. त्यांच्याकडे ही माशी मुळात नव्हतीच. १९३३ साली, म्हणजे कुशिंगचा निबंध निघाला त्याच वर्षी, नैर्ऋत्येकडून जॉर्जियात आलेल्या गुरांबरोबर ती आली होती. १९५८ साली सेब्रिंग येथील जुन्या विमानतळावर कारखाना उभा राहिला. घोड्याचे आणि देवमाशाचे मांस दळून त्यावर आठवड्याला पाच कोटी माश्या वाढवल्या जात. क्ष-किरणांच्या जागी कोबाल्टचा किरणोत्सारी स्रोत आला. त्या कारखान्याच्या वासाबद्दल न लिहिलेलेच बरे. १९५९ साली आग्नेय अमेरिकेतून ही माशी नाहीशी झाली.

टेक्सासला पैसा नव्हता, तेव्हा पशुपालकांनी आपसांत लाखो डॉलरची वर्गणी काढली. १९६२ साली मिशन या गावाजवळच्या मूर हवाई तळावर कारखाना सुरू झाला आणि १९६६ मध्ये अमेरिका मुक्त झाल्याची घोषणा झाली. मग जे नेहमी होते ते झाले. कुरणांवरचे गुराखी कमी झाले, जखमा रोज तपासण्याची सवय सुटली, आणि १९७२ मध्ये एका टेक्सासातच नव्वद हजारांहून अधिक प्रकरणे नोंदवली गेली. मेक्सिकोत माशी असेपर्यंत सीमेवर उभे राहून भागणार नाही, हे तेव्हा पटले. दोन्ही देशांनी करार केला. च्यापास प्रांतातील तुश्तला गुतिएरेस येथे १९७६ साली आठवड्याला ५० कोटी माश्या देणारा कारखाना उभारला गेला. मोहीम दक्षिणेकडे सरकू लागली: १९९१ ला मेक्सिको मुक्त, दशकभरात मध्य अमेरिकेतील बहुतेक देश आणि २००६ मध्ये पनामा. तिथल्या दारिएनच्या अरण्यावर दर आठवड्याला वांझ माश्या सोडून एक अदृश्य भिंत उभी ठेवण्यात आली.

मधेच १९८८ मध्ये ही माशी समुद्र ओलांडून लिबियात सापडली. बहुधा दक्षिण अमेरिकेतून आलेल्या गुरांबरोबर आली असावी. आफ्रिकेतील वन्य कळपांत ती शिरली असती तर तिला थोपवणे अशक्यच होते. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेने त्रिपोलीवर बाँब टाकले होते. तरीही अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सामायिक कारखान्यातील माश्या संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने विमाने भरभरून त्याच त्रिपोलीत उतरल्या. एप्रिल १९९१ मध्ये लिबियातील शेवटचे प्रकरण नोंदले गेले. शीतयुद्धाच्या इतिहासग्रंथांत या उड्डाणांना जागा मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या साऱ्या काळात मॅसेलारियाला कोणी हात लावला नाही. वांझ नर आपल्याच जातीच्या मादीकडे जातो. त्यामुळे टेक्सासच्या माळावर मेलेल्या गाईभोवती निळसर हिरव्या माश्यांचे थवे आजही जमतात आणि मढे साफ करतात. खुनाच्या तपासात मृत्यूची वेळ ठरवण्यासाठी तिच्या अळ्यांचे वय मोजले जाते. पाऊण शतक जिच्यावर ठपका होता, ती अशी न्यायालयाच्या कामी आली.

होमिनिव्होरॅक्सची भिंत मात्र अलीकडे फुटली. पनामात वर्षाला पंचवीसेक प्रकरणे आढळत. २०२३ मध्ये ती साडेसहा हजारांच्या वर गेली. माशी आणि तिच्याबरोबर चोरवाटांनी हाकलली जाणारी गुरे उत्तरेकडे निघाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या च्यापास प्रांतात, म्हणजे जुन्या कारखान्याच्याच प्रांतात, एका गाईत अळ्या सापडल्या आणि अमेरिकेने मेक्सिकन गुरांची आयात थांबवली. तुश्तला गुतिएरेसचा कारखाना त्याआधी दहा-बारा वर्षांपूर्वीच बंद झाला होता. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने वांझ माश्या सोडण्यासाठी नवे केंद्र उभारण्याचे जाहीर केले. त्यासाठी जागा निवडली मूर हवाई तळाची.

टेक्सासचे पशुपालक आता पुन्हा जखमा तपासतात. अळ्या सापडल्या तर त्यांतील काही मद्यार्काच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवायच्या असतात. तिथे अळी भिंगाखाली उलटी ठेवून सर्वप्रथम शेपटीकडचा भाग पाहिला जातो: कातडीतून दोन काळ्या रेघा दिसतात का?